कुठवर

डॉक्टर ढिकल्यांनी रिपोर्ट पालथा घातला
आणि म्हणाले, "तसं सौम्य आहे."
आईने हा शब्द त्याआधी फक्त
स्थळं बघताना ऐकला होता:
मुलगी सौम्य आहे, घर सांभाळून नेईल.
तिने येताना पावशेर पेढे घेतले.
मी नऊ वर्षांची. एका पेढ्यामागे दोन कॅप्सूल.

त्याआधी नाव नव्हतं कशालाच.
शकूआत्या मुका घ्यायची नि ओठ पुसायची,
"खारट लागते गं तुझी वैजू, पोर आहे की सांडगा?"
सगळे हसायचे.
मग पुण्याला माझा घाम मोजला,
हाताला चकत्या बांधून, अर्धा तास,
आणि आत्याची थट्टा आकड्यात आली.
ती अजून माफी मागते.
मी म्हणते, अगं, पहिलं निदान तुझंच.

सौम्य म्हणजे
पहाटे साडेपाचला नेब्युलायझरची घरघर.
खालच्या गांगुर्ड्यांना वाटतं, आमची मोटार फार लवकर लागते.
सौम्य म्हणजे आई ओंजळीची वाटी करून पाठ थापटते,
वर, खाली, आता कुशीवर वळ,
मग हात धुते आणि भाकऱ्या थापते.
आधी बोटांच्या सांध्यांना तिचं ते मलम.
सौम्य म्हणजे वाटीतला रंग बघणं.
हिरवा असला की त्या दिवशी
घरात कुणी कुणाला उगाच रागावत नाही.

मिसळीच्या दुकानात पोऱ्या विचारतो,
"ताई, तिखट, मध्यम, की सौम्य?"
मी टेबलाखाली गोळ्या मोजत असते.
"कागदावर सौम्य लिहिलंय," मी म्हणते.
तो काहीतरी समजून निघून जातो.

विम्याच्या फॉर्मवरही तेच तीन चौकोन.
खिडकीतल्या बाईंनी मला नखशिखांत पाहिलं.
"दिसत तर काहीच नाही."
खोकला आला असता तर बरं झालं असतं.
नेमका आला नाही.

पुण्यात एक इरफान होता. त्याच्या चौकोनात तीव्र.
आम्ही जवळ बसायचं नसतं, एकाचे जंतू दुसऱ्याला,
म्हणून कॉरिडॉरच्या दोन टोकांना बसून
आम्ही जिभा दाखवायचो.
एका तारखेला त्या टोकाला फक्त खुर्ची.
तेव्हा कळलं, माझं सौम्य
त्याच्याशेजारी ठेवून मोजलेलं होतं.
आता कुणाशेजारी ठेवणार?

बाबा एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात.
आकड्यांशी त्यांचं वैर नाही.
पण फुप्फुस एकसष्ट टक्के म्हटल्यावर म्हणाले,
"म्हणजे फर्स्ट क्लास ना?" आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

गंगेला पूर येतो तेव्हा
धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातम्यांत सांगतात.
आमच्याकडे कुणी ते विचारत नाही.
दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर, एवढंच विचारतात.
गुडघ्याला म्हटलं की लोक चहा सांगतात,
कमरेला म्हटलं की भांडी बाजारातली दुकानं सामान वर चढवतात.
त्या ऑगस्टमध्ये बाबांनी घाटावरून फोन केला,
"कमरेच्या वर गेलंय." मग जरा थांबून,
"तुझं?"
मी म्हटलं, "छातीला."
पुलावरच्या गर्दीचा आवाज येत राहिला फोनमध्ये.

तेव्हापासून आमचं माप ते.
मारुतीसारखी तोंडंही दोन आहेत मला,
एक तपासणीच्या टेबलावर बोलतं,
दुसरं लग्नामुंजीत म्हणतं, "छान आहे हो, वजन वाढलंय."
बाबा दोन्हींचं ऐकत नाहीत.
ते हात बघतात.

परवा रात्री अडीचला दारात येऊन म्हणाले, "कुठवर?"
मी हात गळ्याशी नेला,
मग जरासा खाली आणला.
तो जरासा त्यांनी पाहिला
आणि गाडीची किल्ली शोधायला लागले.