सीन बेचाळीस, दार

शेवट आधी शूट झाला,
कारण त्या दिवशी दिवाळ्याच्या खाडीला उधाण होतं
आणि होडी चारच तास मिळणार होती.
सुरुवात आठ दिवसांनी, भांगाला.
पाणी पार मागे, चिखल उघडा,
म्हणून म्हातारा पहिल्या दृश्यात पाय ओढत येतो
आणि शेवटच्या दृश्यात तरंगत जातो.
समीक्षक याला काहीतरी नाव देतील.
आम्ही भरतीचं कोष्टक बघितलं होतं.

विनीत घरत म्हणाला, साल एकवीसशे चार आहे.
मी म्हटलं, दिसत तर नाही.
म्हणाला, दिसायला पैसे लागतात,
ऐकू येईल असं कर.
मग त्याच्या आईच्या कुकरची तिसरी शिट्टी
मी उलटी लावली, ताणली,
खाली खाली नेली, पार बोटीच्या भोंग्याइतकी.
ते आमचं कालयंत्र.
कुकर कुणाला ओळखू येणार नाही, मी पैज लावली.

कोपरखैरण्याला, सेक्टर एकोणीस,
खाली पिठाची गिरणी, वर माझं एडिटिंग.
दळलेलंच दळायचं, दोघांनी.
कीबोर्डात कणीक.
म्हातारा पाग फेकतो, पाग हवेत गोल उघडतो,
तिथे कापलं:
बेलापूरच्या गच्चीवरची गंजकी डिश, तेवढीच गोल.
मधे शंभर वर्षं गेली.
पागाचे थेंब मात्र मी थांबवले नाहीत,
ते डिशवरूनही टपकत राहिले.

म्हातारा म्हणजे विनीतचा बाप, पोशा घरत.
पैसे नको म्हणाला, चहा वेळेवर हवा.
सीन बेचाळीस: घरी येतो, दार उघडतो.
बस. एवढंच.
विनीतने अकरा टेक घेतले.
पहिल्यात खोकला. चौथ्यात कडी अडकली.
सहाव्यात तो थेट कॅमेऱ्यात बघतो,
रेशनकार्डाच्या फोटोला बघावं तसा.
नवव्यात चिडून, फ्रेमबाहेरच्या पोराला:
"मगाशी उघरला नं दरवाजा, परत कनाला उघरू?"

सीन त्रेचाळीस: आत येऊन बसतो.
तो गुरुवारी घेऊ, असं ठरलं.
बुधवारी पहाटे पोशा घरत गेले.

दोन महिने हार्ड डिस्क माझ्या कपाटात,
साड्यांखाली.
मग विनीत आला. म्हणाला,
शेवट नाहीये आपल्याकडे.
मी म्हटलं, दार आहे. अकरा वेळा.

एकामागे एक लावली,
मधे थोडा थोडा दिवस पेरत,
अकरा संध्याकाळी, तारीख एकच.
खोकला झाला पहिला दिवस.
अडकलेली कडी, संशय.
आणि नववा, जो मी कचऱ्यात टाकणार होते,
त्या सबंध एकवीसशे चारमध्ये
काळ गोल फिरतोय हे कळलेला
तो एकटाच माणूस.
त्याचं एक अक्षर बदलावं लागलं नाही.

अकराव्या दाराला लागून पुन्हा पहिला शॉट,
भांगाचा चिखल.
जोडावर मी दोन फ्रेम काळ्या ठेवल्या,
पापणी लवायलाही पुरत नाहीत इतक्या.

दिवाळ्यात, समाजमंदिराच्या भिंतीवर दाखवला.
संपल्यावर विनीतची आई म्हणाली,
"आयला नं तो आत. तुमी नाय बगला?"
कुणी काही बोललं नाही.
लॅपटॉप बंद करायचा राहिला होता,
तो आपला पुन्हा सुरू झाला:
भिंतीवर चिखल, लांबून पाय ओढत कुणीतरी,
आणि खालून चढत येणारा तो भोंगा.
अंधारात मागून एका बाईचा आवाज,
"अगो, गॅस बंद कर."