डावा हात

हाडांचं वय काढताना फोटो डाव्याच हाताचा घेतात.
उजवा का नाही, हे मी विचारलं नाही.
डॉक्टर फर्कर यांनी पडद्यावर
मनगटातले खडे एकेक करून पाहिले
आणि म्हणाले, हा हात साडेआठ वर्षांचा आहे.
बाकीची केतकी पाच वर्षांची.
ती तेव्हा खुर्चीखाली बसून
माझ्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होती.

उन्हाळाभर दाराच्या चौकटीवर
पेन्सिलीच्या खुणा भराभर चढल्या होत्या.
"डंडीचं दूध मानवलं गं पोरीला,"
सांगलीहून नणंद म्हणाली. मीही हसले.
दृष्ट काढली, मीठमोहऱ्या तडतडल्या,
धुराचा अलार्म केकाटला.
मग एका रात्री अंघोळ घालताना
टॉवेल माझ्या हातातच राहिला.

घरात कुठलं मलम? गोळ्या?
तिचे बाबा काही जेल लावतात?
तिघांनी तीनदा विचारलं.
मी सगळ्या बाटल्या पिशवीत भरून नेल्या,
खोबरेल तेलसुद्धा.

खोबरेल निर्दोष सुटलं.
गाठ डाव्या अंडाशयात, क्लेमेंटाइनएवढी.
ही माणसं फळांतच का बोलतात?
एवढीशी ती, रात्रंदिवस
पोरीच्या रक्तात बाईपण ओतत होती,
कुणी मागितलं नसताना.
दुर्मिळ, ते म्हणाले. वीस वर्षांत ही दुसरी.
त्या आठवड्यात टेस्कोतल्या फळांपुढून
मी मान खाली घालून गेले.

ऑपरेशन एडिंबऱ्याला.
टे नदीवर, आमच्या पुलाला लागून
पडलेल्या जुन्या पुलाचे खुंट पाण्यातून वर दिसतात.
"ते कुणाचे दात?" तिने विचारलं.

गाठ निघाली. अख्खी, न फुटता.
तिसऱ्या दिवशी इश्बेल नर्सने मला बाजूला घेतलं:
संप्रेरकं आता एकदम उतरतील,
थोडं रक्त जाईल, एकदाच, घाबरू नका.
गेलं.
केतकीला म्हटलं, टाका जरा रडला गं.
आईचा फोन आला तेव्हा
ओठांवरचा शब्द गिळला.
आमच्याकडे याला शहाणी होणं म्हणतात.
शहाणी!
जिचा तीनचा आकडा अजून
भिंतीकडे तोंड करून बसतो.

हाडं मागे येत नाहीत.
हात पुढेच राहणार,
बाकीच्या मुलीने त्याला सावकाश गाठायचं.
दर तीन महिन्यांनी रक्त, इनहिबिन.
आकडा कळेपर्यंत
मी घासलेलीच भांडी घासते.

चौकटीवरची खूण फेब्रुवारीपासून हललेली नाही.
शाळेचा स्वेटर अजून होतो.
आणि काल, सहा वर्षं अकरा दिवसांची असताना
तिचा खालचा दात पडला.
दातांना कुणी घाई केलेली नव्हती.
कौलावर टाकू या, मी म्हटलं.
"आपल्याकडे कौल कुठंय, आई?"
तिला तो उशीखाली हवा होता, पौंडासाठी.
पण झोपली मुठीत धरून.
नाणं घेऊन गेले,
साडेआठ वर्षांची मूठ,
उघडेना.