कान

रबाळ्याच्या कारखान्यात
मीटर बेअरिंगला पास म्हणतो
आणि मी नाही म्हणते.
स्क्रूड्रायव्हरचं टोक धातूवर, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटलेले.
त्या लांबलचक सूंच्या पोटात कुठेतरी एक बारीक खर.
कापून बघतात. पिंजऱ्याला केसाएवढी भेग.
कुरियन साहेब म्हणतात, शेडगे,
तुझ्या कानांचा विमा काढायला हवा.

घणसोलीची नवी मुलगी, तेजल, वही घेऊन मागेमागे फिरते.
मॅडम, हे कुठे शिकलात?
सवयीने येतं गं.

कोपरखैरणे, माथाडींची वसाहत, पहिला मजला.
सतरा पायऱ्या.
बाबा तुर्भ्याहून यायचे, अंगाला कांद्याचा आणि गोणपाटाचा वास.
पायऱ्या सलग वाजल्या, की आई कुकर चढवायची.
नवव्या पायरीवर चप्पल थांबली,
की मी दीपूला पलंगाखाली सारायची,
वरून गोधडी सोडायची, पार फरशीपर्यंत.
किल्ली पहिल्या खेपेला लागली तर नुसत्या शिव्या.
तिसऱ्यांदा खरवडली तर पट्टा.
मी अकरा वर्षांची होते
आणि माझा अंदाज चुकत नसे.
एकदा चुकला.
ते दीपूच्या भुवईवर आहे, इथे लिहीत नाही.

लोक म्हणतात, सोसलंस म्हणून घडलीस.
असेल.
भट्टीत घातल्यावर पोलाद कडक होतं, रोज बघते.
त्याच भट्टीतून तडकून निघालेले नगही
मीच मोजते, भंगाराच्या वजनासाठी.
दीपू सध्या कुठे असतो, ते विचारू नका.

उद्या कुणी म्हणालं, कान दे, त्या रात्रींची झोप घे,
तर तिथल्या तिथे देईन. घराचे हप्ते थकले तरी देईन.
पण जिला झोप हवी होती
तिचा हात त्या काउंटरपर्यंत पोचत नाही.

बाबांना आता ऐकू येत नाही.
मागच्या रविवारी वाशीला नेलं, मशीन बसवायला.
काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसले,
आवाज आला की बटण दाबायचं.
दोनदा नुसतंच दाबलं, मला खूश करायला.
परतताना रिक्षात विचारलं,
बाबा, तो पट्टा आठवतो?
मशीन चालू होतं.
मी? कधी?
खोटं बोलत नव्हते.
खोटं मला ऐकू येतं.

आई तर गेलीच.
म्हणजे आता ते सगळं एवढ्या दोन कानांच्या मध्ये आहे,
मी टाकलं की घडलंच नव्हतं.
आमच्याकडे नापास नगाला लाल ठिपका लावून
कपाटात ठेवतात. वर्षानुवर्षं.
त्याला कुणी पुसत नाही, तेल देत नाही.
पुढेमागे कुणी म्हणालं, असं कुठे होतं का?
तर दार उघडून दाखवायचं.
तेवढंच. याहून मोठं काही मला सापडलेलं नाही.

रात्री साडेनऊ. लिफ्ट थांबते.
पॅसेजमध्ये किल्ल्यांचा जुडगा.
परातीत माझा हात अजून थबकतो,
कणकेत बोटं तशीच रुतलेली.
जुई फरशीवर पालथी पडून रंगवतेय,
पाय हवेत.
दार उघडतं. ती मान वर करत नाही.
बाबा आले बघ, मी म्हणते.
कोण?
म्हणते, आणि पोपटी खडू शोधत राहते.