दोर

हार्लिंगेनच्या धक्क्यावर, पत्र्याच्या खोलीत,
विट्स्केनं पहिल्याच दिवशी बजावलं:
नुसता आकडा लिहायचा नाही.
समुद्राची पातळी वेगळी, कालव्याची वेगळी,
दोन्ही सेंटिमीटरच, पण त्यांची सोयरीक
परस्पर जमवायची नाही.

मी एकदा जमवली, चोरून.
कंपायलरनं हटकलं. ओळ सतरा, अक्षर नऊ.
जकातनाक्यावरच्या माणसासारखं:
गाठोडं सोडा, आत काय ते दाखवा.

आणि मापक बंद पडला तर?
तेही टाइपातच आलं, ‘असेल किंवा नसेल’.
‘नसेल’चं काय ते सांगितल्याशिवाय
पुढे सोडेना.

तीन आठवड्यांनी सगळं हिरवं.
मी कॉफीला उठलो.
ती म्हणाली, थांब, हिलकेला वाचू दे.

हिलके, चौतीस वर्षं जलद्वारावर.
प्रोग्रामिंगचा गंध नाही, हाताला ग्रीसचा.
कपाळावरचा चष्मा खाली ओढून,
ओळीखाली बोट धरून
मोठ्यानं वाचू लागला:
समुद्र खाली असेल, मागचं दार बंद असेल,
तर झडपा उघड, हौद रिकामा कर.

थांबला. पुन्हा वाचलं.
‘होडी काठाला बांधलेलीच असली तर?
पाणी जाईल खाली,
ती राहील टांगून.’

टाइप सगळे बरोबर होते.
दोराला टाइपच नव्हता.

विट्स्केनं खुर्ची ओढली, एकच ओळ लिहिली.
दोर: बांधलेला, किंवा सैल.
लगेच अकरा जागी लाल.

हिलके चष्मा पुसत म्हणाला,
आता कसं!