ठोका

नवाच्या आत खिडक्या लावून घेतल्या,
पश्चिमेच्या तावदानावर ओलं गोणपाट.
कूलरचा वाळा मागच्या सालचा,
वास गेलाय, पाणी तेवढं धरतो.
भुसावळात बारानंतर
नळाला हात लावायचा नाही,
नळच चावतो.

भिंतीपलीकडे कोकिळाबाई. एकट्या.
डोक्यावर पत्रा, मुलगा सुरतेला.
आमचं ठरलंय: दर तासाला
मी लाटण्यानं भिंत ठोकायची,
त्यांनी वाटीनं उत्तर द्यायचं.

बाराला टण.
एकला टणटण, म्हणजे ताक प्यायल्या.
दोनला लाईट गेली. मी ठोकलं.
पलीकडे काहीच नाही.
पुन्हा ठोकलं.
कूलरच्या टाकीत
एक थेंब पडला, तो ऐकू आला.

चप्पल न घालताच धावले.
दार नुसतं लोटलेलं.
बाई फरशीवर आडव्या,
अंगावर पिळलेलं लुगडं, तोंडावर ओला पदर.
पदर हलला.
"झोप लागली व्हती वं मले.
अन् वाटी कुठी गेली, सापडेना."

वाटी त्यांच्या उशाशीच होती,
पाण्यानं भरलेली, चिमणीसाठी.

पन्हं पाजून परतले.
तळपायांना फोड आलेत
हे कळलं तीनला,
भिंतीवर तांब्या वाजला तेव्हा.