टिपकागदावरचा ठिपका

तार्तू आणि तुर्कू.
मधे एक आखात, आणि नावं अशी जुळी
की पहिलं पाकीट नऊ दिवस
टपालखात्याच्या मनात घोटाळत राहिलं.
उघडलं तर टिपकागदाचा चौकोन,
पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ,
आणि वर्तुळात काहीच नाही.
"आहे," तानेल म्हणाला, "वाळलंय."
ओनेर्वाने पाठवलेलं जनुक,
शाई नसलेलं पत्र,
कात्रीने कापून आम्ही पाण्यात सोडलं.

समुद्र दोघांचा एकच. जुलैत त्यावर हिरवी साय धरते,
कुत्री पितात आणि मरतात.
ते विष ओळखून उजळेल असा जिवाणू
अर्धा त्यांनी शिवायचा, अर्धा आम्ही,
बाही तिकडे, काज इकडे.

पण अंगाला बसेना.
तेच जनुक, तीच कृती, पायरीला पायरी लावून;
तुर्कूत आकडा आठशे चाळीस,
आमच्याकडे तीनशे दहा.
तीन रात्री पडद्यावर समोरासमोर भांडलो,
आधी सभ्यपणे, मग इंग्रजीत, मग आपापल्या भाषेत.
त्यांचा संशय आमच्या पिपेटवर,
आमचा त्यांच्या घाईवर.
पिरेतने शेवटी कॅमेराच बंद केला.
उत्साहावर विरजण पडतं म्हणतात, ते असं.

शाळेची तारीख मात्र आधीच दिलेली.
वोर्म्सी बेट, फेरीबोट, वारा; मुलं अकरा.
जिवाणू न्यायची परवानगी नाही,
म्हणून स्ट्रॉबेऱ्या, मीठ, भांडी घासायचा साबण,
थंडगार स्पिरिट.
दोन्ही टीम एका टेबलाशी, नजर चुकवत.
मुलांनी पिशवीत फळं चिरडली, गाळली,
आणि स्पिरिटच्या तळाशी
शेंबडासारखा पांढरा धागा तरंगत वर आला.
"ईऽ" म्हणत अकरा डोकी पुढे झुकली.
मिर्टेलने विचारलं,
"त्या जिवाणूला माहीत असतं का, तो तुमच्या टीममध्ये आहे?"
कोणालाच उत्तर येईना.
"टी-शर्ट तरी कुठे दिलाय त्याला," ओनेर्वा म्हणाली,
आणि तानेल हसला,
त्या आठवड्यात पहिल्यांदा, तिच्या बोलण्यावर.

जेवायला काळा पाव.
शाळेची स्वयंपाकीण हेल्यू
हात पुसत आमचे आकडे ऐकत होती.
तिचं विरजण पलीकडच्या किनाऱ्यावरून आलेलं,
आईच्या मैत्रिणीने फडक्यात बांधून दिलेलं.
"पीठ तेच, विरजण तेच,
तरी चुलीपाशी फुगतं, खिडकीपाशी रुसतं.
सगळं मोजलंत म्हणता पोरांनो.
खोली मोजलीत?"

खोली मोजली नव्हती.
सोमवारी उबवणीच्या कपाटात
साधा तापमापक ठेवला, काचेचा, दवाखान्यातला नव्हे, बागेतला:
बाहेर आकडा सदतीस, आत तेहेतीस.
दाराचं रबर तडकलेलं.
गेलं दीड वर्ष त्या फटीतून
गळत होती आमची खात्री.

रबर बदललं. सहाशे वीसपर्यंत पोचलो.
उरलेलं कशाने, अजून कळलेलं नाही.
अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले,
पिरेतने सरासरी काढू दिली नाही.

निघताना हेल्यूने मुरंब्याच्या बाटलीत विरजण दिलं होतं.
फेरीबोटीवर चमच्याने अर्धं अर्धं वाटून घेतलं.
आमचं परीक्षेच्या आठवड्यात मेलं.
खाऊ घालायचंच राहिलं.
आणि आम्ही म्हणे जीवशास्त्राची मुलं.

काल लाजत ओनेर्वाला कळवलं.
म्हणाली, कागदावर पातळ सारवते, वाळलं की पाठवते.
आणि थांब,
गावाचं नाव या वेळी
मोठ्या अक्षरांत लिहिते.