गार्ड

हसरत तडवी म्हणतो, गवतात बसलं की बसलं,
दिसायचं नाही म्हणजे नाही, भो, नियम आहे.
गुडघ्याएवढं गवत, त्यात अख्खा माणूस,
पाठीवर धनुष्य, कमरेला दोराचं वेटोळं,
आणि दीड हातावर उभा राहून गार्ड जांभई देतो.
मी म्हणते, हे गवत आहे
की तहसीलचा दाखला?

दिव्येश झोपेला कोपऱ्यात तो बारका दिवा पाहिजे,
भरला तर दिसलो, रिकामा तर नाही.
आपण किती दिसतो ते आपल्याला कळलंच पाहिजे, म्हणतो.
कोणाला कळतं रे?
आठवडे बाजारातून मी स्कूटी काढते तेव्हा
माझा दिवा कोणत्या कोपऱ्यात लागतो?
तो म्हणाला, विषय बदलू नको.

मे महिना. शेहेचाळीस.
रेल्वे क्वार्टरच्या खिडकीत कूलर, ओल्या वाळ्याचा वास, खडखड.
बाहेर सावल्या ज्याच्या त्याच्या पायाखाली शिरलेल्या.
भुसावळात या वेळी लपायला
इंचभर अंधार मिळत नाही,
म्हणूनही असेल, आम्ही तिघं अंधारावर इतकं भांडतो.

आणि तो विसरतो कसा, मी विचारते.
जोडीदार बाण लागून पडलाय समोर,
हा वीस सेकंद इकडे तिकडे पाहतो,
वारा असेल म्हणतो
आणि पुन्हा त्याच फेऱ्या, तीच शीळ.
हसरत म्हणतो, नाही विसरला तर खेळ पुढे कसा सरकेल?
यावर मला काही सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

बाबा दारात कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.
हातात कलिंगडाची फोड.
छत्तीस वर्षं मालगाडीवर गार्ड.
आता त्या पदाला दुसरं नाव आहे, बाबांच्या तोंडात ते बसत नाही.

हा कोण?
गार्ड, काका.
गार्ड? मग मागे काबर नाही पाहत?

हसरतने खेळ थांबवला.

पुढचं ड्रायव्हर पाहतो, बाबा म्हणाले. गार्डाचं तोंड मागे.
जे निघून गेलं तेवढंच पाहायचं.
आणि रात्री ब्रेकव्हॅनमध्ये दिवा लावायचा नाही.
आत उजेड असला की बाहेरचं दिसत नाही,
आपणच दिसतो.
शेपटाला लाल दिवा, त्याच्यामागे मी, काळाकुट्ट.

म्हणजे मीटर रिकामा, दिव्येश म्हणाला.
कसला मीटर?

मग फोड संपेपर्यंत ते बोललेच नाहीत.

निंभोऱ्याला एकदा, लूप लाइनवर, दोन तास उभी होती गाडी.
केळीच्या रिकाम्या वॅगना.
एकीत पोरगं. चौदाचं असेल.
अंगावर गोणपाट, पाय बाहेर.
धरलं?
टॉर्च मारली. पाय आत गेला.
मग?
मग वहीत लिहिलं, वॅगन रिकामी.

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं,
पंप कोरडा खाकरायला लागला.

हे कोणत्याच गेममध्ये नाही, हसरत म्हणाला,
म्हणजे गार्डाला दिसतं, पण गार्ड,
आणि पुढचं क्रियापद त्याला सापडेना.
बग आहे, दिव्येश म्हणाला.

बाबांनी तळहातावर बिया थुंकल्या, मोजल्यासारखं पाहिलं.
दाराशी पाण्याची बाटली ठेवली होती, म्हणाले.
ते नाही लिहिलं.
आणि बादली घेऊन कूलर भरायला गेले.

माझी पाळी होती. मी गवतात बसले.
गार्ड आला, दीड हातावर थांबला.
इतक्या दिवसांत मी त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.
दाढी रंगवलेली, एक डोळा जरा वर.
माझा पाय बाहेर राहिला होता बहुतेक.
आत घेतला.

त्याने जांभई दिली.

बघ, हसरत म्हणाला, गवत.